आमच्या फिरण्याचे सदतीस फोटो

अन्याय माझ्या नवऱ्यावर झाला. लग्नाला पुरते सहा आठवडे झाले असताना, रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका बसस्थानकावर. (गावाचं नाव लिहीत नाही. नवऱ्याला तिथं अजून उतरावं लागतं.) अन्याय करणारी व्यक्ती मी. पत्रकात दोषीचं नाव आधी टाकावं असं मला चळवळीत शिकवलं आहे, आणि या प्रकरणात दुसरं नाव पुष्कळ शोधूनही सापडलं नाही.

नितेश अमरावतीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो. सहा दिवस फळ्यासमोर उभा राहणारा माणूस सातव्या दिवशी कुठंतरी बसायला मिळावं म्हणून तळमळत असतो. लग्न ठरलं तेव्हाच तो म्हणाला होता, "पहिलं वर्ष दर रविवारी फिरायचं. आपण दोघंच." मी तात्काळ पाठिंबा दिला. त्याच्या मनात चिखलदरा होता. माझ्या मनात काय होतं ते त्यानं विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, हेही मला चळवळीतच कळलं.

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. कॉलेज अमरावतीला. सगळी वर्षं बसमध्ये गेली आणि प्रत्येक वेळी निघताना आई हातातला ग्लास काढून घ्यायची. "पानी पिऊ नको, वाटेत कोठी जाशीन?" वाटेत जिथं जायचं तिथं कुलूप असायचं, नाहीतर कडी नसायची. म्हणून आमच्या चळवळीची मागणी एकच: प्रत्येक बसस्थानकावर बायकांचा संडास उघडा हवा, आत पाणी हवं आणि दाराला कडी हवी. त्यासाठी पाहणी, मोजमाप, फोटो आणि सह्या. दर रविवारी.

तर त्या रविवारी आम्ही बसमधून उतरलो. नितेशनं गॉगल लावला होता.

"चिखलदऱ्याची गाडी अठून सुटते काय?"

"नाही. आधी एक ठिकाण पाहून घेऊ."

"काय हाय तठी?"

"संडास."

त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला. मग "बरं" म्हणाला. गणितवाल्यांचं असं असतं, उदाहरण एकदा लिहून घेतलं की ते सोडवल्याशिवाय उठत नाहीत. हे उदाहरण पुढं वर्षभर चाललं. एका गाडीतून उतरायचं, टेप काढायचा, मोजायचं, मागून आलेली दुसरी गाडी पकडायची. भजी उभ्यानं खाल्ली, भांडणं पायरीवर केली. त्या वर्षात आम्ही कुठंही वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबलो नाही. बसायला जागा मिळाली तरी माझा एक पाय उतरायच्या तयारीत असायचा.

नितेशकडं दोन कामं होती. पहिलं काम फोटोत उभं राहायचं. दाराची उंची कळायला शेजारी माणूस लागतो, आणि नवऱ्याची उंची मला तोंडपाठ होती.

"हसू नको," मी ओरडायची.

"मी कोठी हसून राहिलो? फोटो म्हटलं का तोंड आपोआप तसं होते."

दुसरं काम पहाऱ्याचं. कडी तुटकी असायची, म्हणून मी आत मोजमाप घेत असताना त्यानं बाहेर पाठ करून, सह्यांची वही घेऊन थांबायचं. येणाऱ्या बाईला तो अदबीनं विचारायचा, "ताई, सही करता काय?"

"कायची सही?"

"जाऊन या अगोदर. मग केली तरी चालते."

आता बायकांच्या संडासाबाहेर उभा असलेला धडधाकट पुरुष असं बोलला, तर कोण सही करेल? एका आजीनं त्याला छत्रीनं टोचलं. एकीनं पिशवी हाणली, तीही कांद्यांनी भरलेली. मी बाहेर आले की तो खांदा चोळत म्हणायचा, "आज चार सह्या झाल्या. एक मार."

इथपर्यंत सगळं आमचं आमच्यात होतं. मग पल्लवीचं जमलं. पल्लवी माझी नणंद. मुलगा तिवशाचा, स्वभावानं गरीब. तीन महिने दोघं फोनवर बोलत होते आणि पल्लवीनं मनात संसारही मांडून टाकला होता. बैठक तेवढी उरली होती. तेवढ्यात सासूबाईंना फोन आला की मुलाची आत्या, शकुंतलाबाई, आधी स्वतः येऊन बोलणार आहे. आत्याबाई महिन्यातल्या एका रविवारी गुडघा दाखवायला अकोल्याला जायच्या. आमच्या घरचा फोटो पाहून त्यांना आठवलं, वाटेतल्या एका बसस्थानकावर त्यांनी मुलीच्या सख्ख्या भावाला बायकांच्या संडासाजवळ घुटमळताना पाहिलं होतं. एकदा नाही, तीनदा.

सासूबाईंनी फोन ठेवला. "सुनबाई, ते बाई इचारून राहिली, पोराले काई बिमारी हाय काय म्हनून. आन् मी साऱ्या कॉलनीले सांगून राहिली का पोरगा-सून दर रविवारी फिराले जाते."

पल्लवी रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, हे मोडलं तं पुढचं पत्रक मी लिहीन. तुमच्यावर."

पुढच्या रविवारी (फिरणं रद्द, वर्षात पहिल्यांदा) शकुंतलाबाई आणि मुलाचे वडील आले. पोहे आले, चहा आला. आत्याबाईंनी पोह्यांना हात लावला नाही. त्या सरळ नितेशकडे वळल्या. "बाबू, तू तठी काय करतं?"

नितेशनं पोह्यांची बशी त्यांच्यापुढं सरकवली. इथं कोणत्याही समजदार सुनेनं गप्प बसून चहा गाळला असता. पण मी मोर्च्यात वाढलेली. मी उठले आणि जाहीर केलं, "आमच्याकडं पुरावा आहे." फोन टीव्हीला जोडला. फोटो एकूण सदतीस.

पहिला फोटो. दार, दारावर बाईचं चित्र, शेजारी नितेश. हसतोय.

दुसरा. वेगळं दार, वेगळा शर्ट, तोच नितेश. हसतोय.

पाचव्या फोटोत तो बोटानं आत दाखवत होता. सातव्यात त्यानं टेप गळ्यात घातला होता. नवव्याला मुलाच्या वडलांनी कप खाली ठेवला. अकराव्याला माझ्या ध्यानात आलं की या सबंध पुराव्यात मी कुठंच नाही. वर्षभर फोटो मी काढले होते. टीव्हीवर दिसत होता तो एकटा माणूस, बारा महिने, जिल्ह्या-जिल्ह्यांत, बायकांच्या संडासासमोर, आनंदात.

"मी मागं आहे," मी म्हणाले. "फोटो मीच काढून राहिली ना."

"मंग एखाद्यात तरी दिसाले पाहिजे होती तू," आत्याबाई म्हणाल्या.

सासूबाई घायकुतीला आल्या. "चिखलदऱ्याचा एखादा लाव ना वं बाई."

"चिखलदऱ्याला आपण गेलोच नाही, आई."

पल्लवीनं पदर तोंडाशी धरला. मी घाबरून भराभर फोटो पुढं ढकलायला लागले. बावीस, तेवीस, चोवीस.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "मांगं घे."

मी मागं घेतला. तेच बसस्थानक, जिथं त्यांनी याला पाहिलं होतं. दाराला मोठं गंजकं कुलूप. आत्याबाई चष्मा सरकवून पुढं वाकल्या. "हे कुलूप माह्या ओळखीचं हाय." मग पोरीच्या भावाबद्दलचा प्रश्न बाजूला राहिला. "सकाळपासून पानी पेत नाही मी, अकोल्याले जाची असली का. गुडघ्याचा डॉक्टर म्हनते पानी प्या. त्याचं काय जाते म्हनाले? किल्ली मांगितली तं म्हनते दुसऱ्यापाशी हाय. दुसरा म्हनते त्याच्यापाशी." त्या नितेशकडे वळल्या. "असते कोनापाशी रे ते?"

आणि नितेश बोलला. "काकू, चहाच्या टपरीत, मांगच्या खिळ्यावर. एकदा मांगितली तं नाही म्हन्तात. दुसऱ्यांदा मांगितली का देतात. बायांना मांगाले संकोच वाटते, म्हनून मीच आनून देत असतो. तुमी पाह्यलं तवा मी कुलूप लावून राहिलो होतो."

हे मला माहीत नव्हतं. कुलूप दिसलं की मी बाहेरचं माप घेऊन पलीकडच्या फलाटावर सह्या गोळा करायला जायची. माझ्या वहीत त्या दाराची लांबी, रुंदी, जमिनीपासूनचं अंतर, सगळं सेंटीमीटरमध्ये होतं. ते दार उघडता येतं, ही नोंद नव्हती.

आत्याबाईंनी पोह्यांची बशी ओढून घेतली. पोहे गार झाले होते, तरी संपवले. वही मागवून सही केली, वळणदार, पूर्ण नावानिशी. मग सासूबाईंना म्हणाल्या, "पोरगी आमाले पसंद हाय. एकच अट. लग्नात फोटो काढाचं काम सुनबाईकडं देऊ नका."

अट मान्य झाली. एकमतानं. पल्लवीनं तर दोन हात वर केले.

आता वाचणाऱ्यांकडे आमच्या मागण्या. बसस्थानकावर कुलूप दिसलं की किल्ली मागा. नाही म्हणाले तर परत मागा. दाराबाहेर टेप घेतलेला माणूस दिसला तर मारू नका, सही करा. आणि जरा पलीकडं फोन डोळ्यांसमोर धरून "हसू नको" म्हणून ओरडणारी बाई दिसेल, ती मी. माझ्याजवळ लग्नाच्या पहिल्या वर्षाचे सदतीस फोटो आहेत आणि त्यातून एवढंच सिद्ध होतं की याला बायको नव्हती. तेव्हा सरळ या, फोन माझ्या हातातून हिसकावून घ्या, मला त्याच्या शेजारी उभी करा आणि एक फोटो काढा. दार मागं आलं तरी चालेल.