दोन केबल, एक नाली

साखर कारखान्यात मी तेव्हा हंगामी होतो. हंगामी म्हणजे गाळप चालू असेपर्यंत पगार, मग घरी बसा. काम मात्र कायमवाल्यांपेक्षा काकणभर जास्तच. कायम होण्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंही.

दोन हजार सालानंतर कधीतरी बॉयलरला नवी कंट्रोल यंत्रणा आली. बॉयलरपासून कंट्रोल रूमपर्यंत दोन फायबर केबल टाकायच्या होत्या. खरं तर काम एकीवरही भागतं, दुसरी अडीनडीला. पहिली तुटली तर दुसरीने लगेच भार उचलायचा. म्हणून दोन्हींच्या वाटा वेगळ्या ठेवा, असं यंत्रणेसोबत आलेल्या पुस्तकात ठळक छापलेलं होतं.

खोदायला जवळच्या बंजारा तांड्यावरचा मुकादम आपली माणसं घेऊन आला. देखरेखीला मला उभं केलं होतं. एक नाली झाली. दुसरीच्या वाटेत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नुकताच केलेला सिमेंटचा रस्ता होता, आणि बॉयलर पेटवायचा मुहूर्त चार दिवसांवर आलेला. रस्ता फोडायचा कोणी? इंजिनिअरसाहेब म्हणाले, "दोन्ही एकाच नालीत टाका. हंगाम संपल्यावर बघू."

मुकादमाने फावडं टेकवलं. "एकाच नालीत काहून टाकून राहिले साहेब? आमचे आजे बैलांवर माल वाहायचे, तवा बियाणं दोन बैलांवर वाटून लादायचे. एक बैल नदीत गेला तरी पेरायला कायतरी राहते."

साहेब हसले. मीही हसलो, कारण साहेब हसल्यावर हंगामी माणसाला हसावंच लागतं. नकाशावर मात्र दोन वेगळ्या वाटा काढल्या गेल्या आणि 'प्रत्यक्ष पाहिले' या शब्दांखाली माझी सही घेतली.

ऐन हंगामात सांडपाण्याची चारी काढताना जेसीबीने एकाच दणक्यात दोन्ही केबल तोडल्या. बॉयलर आपोआप बंद झाला, म्हणून कोणी भाजलं नाही. पण गाळप तीन दिवस थांबलं, उसाच्या बैलगाड्या फाट्यापर्यंत तटल्या, आणि ओरड झाली तशी चौकशी लागली.

चौकशीत साहेबांनी नकाशा पुढे केला आणि हात झटकले. कागदावर दोन वाटा आहेत, म्हणजे मेहनत वाचवायला मुकादमानेच दोन्ही केबल एका नालीत दडपल्या. किती सोपं!

मुकादम घाबरला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्यायला इचारा. हे तितंच उभे होते. हे खोटं बोलनार न्हाईत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेबही. माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी म्हणालो, "नकाशा बरोबर आहे."

एवढंच बोललो. खोटं बोलायला एवढे शब्द पुरतात. मुकादमाला आणि त्याच्या माणसांना त्याच दिवशी कामावरून काढलं. पुन्हा गेटच्या आत घ्यायचं नाही असा हुकूम निघाला. त्या तांड्यावरच्या पंधरावीस घरांची दर हंगामाची मजुरी माझ्या त्या तीन शब्दांनी बुडाली.

संध्याकाळी तो गेटवर थांबलेला दिसला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. मी खाली मान घालून निघालो, तर तो सोबत चालू लागला.

"आता तरी कायम करतील ना तुमाला?" त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "व्हय."

"मंग बराबर हाय. दोनातला एक बैल तरी पार झाला," तो म्हणाला, आणि आपल्या माणसांच्या मागे गेला.