आकड्यांवरची चिंधी

नंदिनी मेश्राम आमच्या शाळेत चौथीच्या वर्गावर आहे आणि मी शेजारच्या खोलीत तिसरीवर. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिचे निम्मे तास मी फुकटात ऐकले आहेत. मी तिच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको.

ती मनीषनगरहून स्कूटीवर येते आणि तिच्या डिक्कीत डब्यापेक्षा चिंध्या जास्त असतात. शाळा गांधीबागेच्या मागे. निम्म्या पोरांचे बाप तिथल्या कापडबाजारात कामाला, म्हणून चिंध्यांना तोटा नाही. नंदिनी फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिते आणि प्रत्येक आकड्यावर एकेक चिंधी चिकटवते. मग विचारते, "सांगा, काय झालं?" आकडेच दिसत नाहीत म्हटल्यावर पोरांचा नाइलाज होतो आणि ती उदाहरण वाचतात. कोणी गोष्ट सांगतो, कोणी उठून करून दाखवतो, कोणी चित्र काढतो. गोष्ट समजली की चिंध्या निघतात. उत्तर आलं की ते परत गोष्टीत घालून बघायचं. नाही बसलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही.

हे सगळं सुरू झालं आमच्या तक्त्यामुळे. मुख्याध्यापिका प्रेमिला मॅडमनी तो स्वतःच्या हातानं रंगवला होता: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. पोरं उदाहरण वाचायचीच नाहीत. तो एक शब्द हुडकायचा आणि आकड्यांवर तुटून पडायचं. एकदा नंदिनीनं लिहिलं: दुकानातून सात साड्या विकल्या, नऊ उरल्या, तर सकाळी किती होत्या? अख्ख्या वर्गानं एका सुरात सांगितलं, दोन. दोन साड्यांच्या दुकानातून सात कशा विकल्या याचं कोणालाच काही वाटलं नाही. नंदिनीनं त्याच दिवशी तक्ता उतरवून कपाटामागे ठेवला. त्यानंतर प्रेमिला मॅडम बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

या चिंध्यांनी सर्वांत जास्त कोणाचं भलं केलं असेल तर काजलचं. तिसरीत माझ्याकडे होती तेव्हा गणिताच्या तासाला हमखास तिचं पोट दुखायचं. चौथीत तीच पोर हात वर करायला लागली. आणि नेमका तिचाच बाप दिवाळीच्या आधी तिचा दाखला मागायला आला.

बळीराम म्हणजे बाजारात कापडाचे गठ्ठे उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम. आवाज मोठा, माणूस सरळ. काजलची वही त्यानं टेबलावर उघडी टाकली.

"मॅडम, तुम्ही गणित शिकवून राहिल्या का ड्रॉइंग? माह्या साहिलनं चौथीत वह्याच्या वह्या भरल्या होत्या. हिच्या वहीत नुसते चित्रं. हिले मी साहिलच्याच शाळेत टाकतो."

साहिल हा त्याचा मोठा, सातवीतला. दोन-दोन ट्यूशन, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

प्रेमिला मॅडम नंदिनीला म्हणाल्या, "एक पोर गेलं की मागे दहा जातात. ही गेली तर तक्ता परत भिंतीवर लागेल."

नंदिनी घाबरली असेल तर दिसली नाही. बळीरामला म्हणाली, "दाखला मिळेल. फक्त शनिवारी वर्गात येऊन बसा. उदाहरण तुम्हीच द्या, तुमच्या मनातलं. काजलला नाही जमलं तर दाखला मी स्वतः तुमच्या हातात देईन."

मला तिचा रागच आला. बाहेर गाठून म्हटलं, "अगं, निदान पुस्तकातलं तरी द्यायला सांगायचं."

"पुस्तकातलं साहिललाही येतं," ती म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

शनिवारी बळीराम साहिलला घेऊन आला आणि पोरांमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसला. प्रेमिला मॅडमनी दाराशी खुर्ची टाकली. मी माझ्या वर्गाला पाढे लिहायला लावून खिडकीत उभी होते.

बळीरामनं उदाहरण घातलं. "गांधीबागेत आमची गाडी आली. सकाळी बारा गठ्ठे उतरवले. जेवण करून आठ उतरवले. गाडीत किती उरले?"

नंदिनीनं फळ्यावर लिहिलं. तिचा खडू खाली ठेवून होतो न होतो तोच साहिल म्हणाला, "चार." प्रेमिला मॅडमची मान पसंतीनं हलली.

काजल उठली. बारावर एक चिंधी लावली, आठवर एक. खाली एक गाडी काढली, गाडीतून बाहेर जाणारे दोन बाण काढले आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"बोल ना वं, काहून चूप आहेस?" बळीराम म्हणाला.

नंदिनी जागची हलली नाही, की डोळ्यानंही काही सुचवलं नाही. माझ्यानं ते झालं नसतं.

काजल बापाकडे वळली. "बाबा, गाडी आली तेव्हा तिच्यात किती होते?"

"तीस. आमच्या गाडीत तीसच राहते."

"पण ते तुम्ही सांगितलं कुठं?"

बळीरामनं फळ्यावरचं उदाहरण पुन्हा वाचलं. त्या गाडीत तीस गठ्ठे येतात हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत, म्हणून तिथं तो आकडा कोणी बोलतच नाही. तोही बोलला नव्हता. काजलनं गाडीवर तीस लिहिलं, चिंध्या काढल्या आणि म्हणाली, "दहा उरले." मग बारा, आठ आणि दहा परत गाडीत घालून पाहिले. बसले. मी डोळे पुसले ते सगळ्यांसमोर पुसले.

"काय बे, चार कुठून आणले?" बळीरामनं साहिलला विचारलं.

"बारातून आठ गेले..."

"बारातून कसे जातीन? ते बारा तर खाली उतरले ना."

प्रेमिला मॅडम खुर्ची उचलून निघून गेल्या. तक्ता अजून कपाटामागेच आहे.

दाखल्याचा विषय कोणी काढला नाही. जाताना बळीराम दारात घुटमळला. "मॅडम, शनिवारी याले पाठवू का तुमच्याकडं? सातवीतला चालन का?"

"चालेल," नंदिनी म्हणाली. "शिकवायला काजल आहे."

पुढच्या शनिवारी भिंतीपलीकडून मला साहिलचा कुरकुरता आवाज ऐकू आला. "अवं, आकडे तर दिसू दे मले."

"आधी सांग," काजल म्हणाली, "काय झालं?"