कोपर दुखतं, म्हणाले

नातवाचं कॉलेजचं बेसबॉल मी बुडवलं. विषय निघाला की घरचे हवापाण्यावर बोलायला लागतात, म्हणून मीच लिहून टाकते. तेव्हा मी जेमतेम चौसष्ट वर्षांची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

नेपरव्हिलला मुलगा-सून सकाळच्या ट्रेनने शिकागोला कामावर जात, त्यामुळे नातवाच्या मॅचला हजेरी माझी. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. अकरावीत होता. एप्रिलच्या बोचऱ्या थंडीत मी ब्लँकेट गुंडाळून बाकावर बसायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि अंपायरला मराठीतून शिव्या घालायचे. आजूबाजूच्यांना वाटे, आजी देवाचं काहीतरी म्हणतेय.

त्या दिवशी एका कॉलेजचा कोच खास त्याला बघायला येणार होता. पसंत पडला तर टीममध्ये जागा. आठवडाभर पोर धड जेवलं नव्हतं. गाडीतून उतरताना म्हणाला, "आजी, प्लीज, आज नो ड्रामा."

"मी? मी तर तोंडसुद्धा उघडणार नाही."

काय खेळला हो तो! एकामागून एक पोरं हवेत बॅट फिरवून परत जात होती. आणि तो टोपीवाला कोच, सगळं मैदान सोडून, माझ्याच शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तुमचा नातू ना? फार सुंदर हात आहे त्याचा."

आता परक्या माणसाने आपल्या पोराचं तोंडावर कौतुक केलं की आपण काय करतो? दृष्ट लागायच्या आत काहीतरी उणं काढतो. माझ्या आईने माझ्यात काढलं, मी मुलात काढलं. "कसला हुशार, नुसता आळशी" हे वाक्य माझ्या जिभेवर कायम तयार. इंग्रजीतही तितक्याच सफाईने आलं. "छे हो, कसला सुंदर! कोपर दुखतं म्हणून रोज कण्हत असतो. मी तेल लावून चोळते, तेव्हा कुठे हात उचलतो."

यातलं तेल तेवढं खरं. कोपर ठणठणीत होतं. त्याला लाड करून घ्यायला आवडायचं आणि मला करायला.

कोचने वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, 'घराणं विनयशील आहे' असं लिहीत असेल. हसू नका, खरंच वाटलं! घरी येऊन मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्टही काढली मी शहाणीने.

आठवड्याने शाळेच्या कोचने त्याला बोलावून सांगितलं, की दुखऱ्या कोपराचा पिचर त्या कॉलेजला नको आहे. घरी येऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आजी, डिड यू टेल हिम दॅट?"

मी होकारार्थी मान हलवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बॅग उचलून जिना चढून गेला. नेहमीच्या वेळी मी तेलाची वाटी कोमट करून वर नेली. दार बंद होतं. "नको, आजी," एवढंच आतून आलं. रागाने नव्हे, दमलेल्या म्हाताऱ्यासारखं. वाटी गार होईपर्यंत मी तिथेच पायरीवर बसले. त्यानंतर त्याने माझ्याकडून कधी तेल लावून घेतलं नाही. कॉलेजलाही गेला तो, पण बेसबॉलचा हातमोजा घरी ठेवून.

नकार कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नंबर मिळवून त्या कॉलेजच्या कोचला फोन केला होता. आयुष्यात पहिल्यांदा लाज सोडून नातवाचं कौतुक केलं. सांगितलं, की मी खोटं बोलले, कोपर उत्तम आहे, डॉक्टरांचं पत्र पाठवते, असा पोरगा तुम्हाला शोधून सापडायचा नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाला, "मॅडम, ती जागा कालच भरली. आणि खरं सांगू का, नातवाचं कौतुक मला प्रत्येकच आजी सांगते. दुखणं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या, म्हणून तर मी विश्वास ठेवला."