बर्फावर भेटलेले दोन बाण

या सदरातले न उलगडणारे अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आणि बहुतेकांना हसते. दोनदा तर खाली प्रतिसादात टिंगलही केली आहे, जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांची आधी माफी मागते. मी जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या ब्रेकचे सेन्सर तपासते. सेन्सर चुकीचा आकडा दाखवायला लागला की तो का दाखवतोय हे शोधण्याचा मला पगार मिळतो. आजवर दरवेळी काही ना काही कारण सापडलंच आहे... ही एक गोष्ट सोडून.

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. आम्ही तिघं होतो. आंद्रेआ माझ्या ऑफिसातली, बेर्खटेसगाडेनकडची, चालायच्या आधी स्कीवर उभी राहिली असेल अशी. नीलेश कोल्हापूरचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो आणि भावाच्या हक्काने छळतो. डोंगर होता वाट्समान. या डोंगराचं अख्खं कुटुंब आहे – राजा, राणी, मुलं, सगळी दगडाची शिखरं. आम्हाला 'तिसऱ्या मुला'वर जायचं होतं, एकवीसशे मीटरच्या थोडं वर. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून चार-पाच तास चढायचं, वर पोचल्यावर पट्टे काढायचे आणि घसरत खाली यायचं.

अशा वाटेवर प्रत्येकाच्या अंगावर, जाकिटाच्या आत, एक बीपर बांधलेला असतो. तो सतत सिग्नल सोडतो. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं तर बाकीचे आपापले बीपर शोधायच्या मोडवर टाकतात, मग पडद्यावर बाण आणि अंतर दिसतं. पन्नासेक मीटरपलीकडे हा सिग्नल पोचत नाही. निघण्याआधी एकाने पुढे जाऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून त्याच्याजवळून जायचं, म्हणजे प्रत्येकाचा बीपर चालू आहे ना ते कळतं. त्या दिवशी ही तपासणी माझ्याकडे होती.

सकाळी सातला पार्किंगमध्ये नीलेशच्या सासूबाईंचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. जावईबापूंनी त्यांचा हातचा स्वेटर घातलाय की नाही ते त्यांना बघायचं होतं. घातला नव्हता. "घालतोच आहे, आई," म्हणत नीलेशने फोन बॉनेटवर टेकवला, जाकिटासकट अंगावरचं सगळं भराभरा उतरवलं, स्वेटर चढवला, वरून जाकीट. सासूबाई खूश. आंद्रेआ थंडीत उभी राहून तीनदा "आल्झो...", म्हणजे 'चला तर', म्हणून झालेली. मग ती आणि नीलेश गप्पा मारत माझ्यासमोरून एकत्रच गेले. माझा बीपर वाजला. एकेकाने या, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, उशीर झाला होता.

शिखरावर लख्ख ऊन होतं. वरचा उभा उतार एकेकाने उतरायचा असं ठरलं – आधी आंद्रेआ, मग नीलेश, शेवटी मी. आंद्रेआ खाली जाऊन एका खडकाच्या आडोशाला थांबली. नीलेशने तिसरं वळण घेतलं आणि त्याच्या वरच्या बर्फात एक रेघ उमटली. धप्प असा जड आवाज आला आणि अख्खा थर त्याला घेऊन निघाला. पांढरा धुरळा खाली बसला तेव्हा नीलेश कुठेच नव्हता.

माझी पाचावर धारण बसली. तरी सराव केलेला असल्यामुळे हात चालत राहिले. बीपर शोधायच्या मोडवर टाकून मी खाली उतरले. आधी काहीच नाही. मग एक्केचाळीस, बाण डावीकडे. चौतीस. बावीस. समोरून आंद्रेआ स्वतःच्या पडद्यावर नजर लावून वर चढत येत होती. आकडे कमी कमी होत गेले आणि आम्ही दोघी एकाच जागी येऊन थांबलो, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. माझ्या पडद्यावर शून्य पूर्णांक नऊ, तिच्या पडद्यावरही तेच. लांब काठी दुसऱ्यांदा खुपसली तेव्हा ती मऊ काहीतरी लागून थांबली. वेड्यासारख्या आम्ही खणत होतो. आंद्रेआच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं लागली. त्याचे ओठ निळे पडले होते. तिने तोंडातला बर्फ काढला, आणि तो खोकला. तो खोकला मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सापडलेल्या माणसाचा बीपर लगेच बंद करायचा असतो. आंद्रेआने त्याच्या जाकिटात हात घातला, चाचपडली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"केतकी, एर हाट काइन्स." त्याच्याकडे बीपरच नाहीये.

मी माझा पडदा पाहिला. त्यावर ना बाण, ना आकडा.

हेलिकॉप्टर आलं. दोन बरगड्या आणि खांदा, एवढ्यावर निभावलं. संध्याकाळी मी गाडीपाशी गेले तेव्हा नीलेशचा बीपर मागच्या सीटवर होता, अंगाला बांधायच्या पट्ट्यांसकट. बटण बंद.

तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. तिथे दुसरं कुणी गाडलं गेलं होतं का? बचावपथकाने कुत्रा आणून अख्खा उतार तपासला, कुणी नव्हतं. मोबाइलचा त्रास? त्याने आकडे उड्या मारतात, दोन बाजूंनी शिस्तीत कमी होत नाहीत. आंद्रेआचा बीपर सिग्नल सोडत राहिला असेल? मग तिला स्वतःला काहीच दिसलं नसतं. दोन्ही यंत्रं मी तीन संध्याकाळी टेबलावर मांडून तपासली. उत्तम चालतात. कारण सापडलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही.

तपासणीतली माझी चूक मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. नीलेश घरी आल्यावर भेटायला गेले, तर त्याची बायको प्राजक्ता स्वयंपाकघरात स्पीकरवर तिच्या आईशी बोलत होती. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं म्हणून आई रडत होत्या, आणि पुन्हा पुन्हा स्वतःलाच बोल लावत होत्या – मी मेलीने स्वेटरचा हट्ट धरला म्हणून त्याने ते यंत्र काढलं.

मला ते ऐकवेना. फोन ठेवल्यावर मी प्राजक्ताला सगळं सांगितलं. यंत्र त्याने काढलं असेल, पण ते अंगावर आहे की नाही हे बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. आता ही मला घराबाहेर काढणार, अशी मनाची तयारी करून मी उभी होते.

तिने गॅस बंद केला.

"आईला मी सांगते, तिची चूक नाही म्हणून," ती म्हणाली. "वाट कुणी दाखवली ते तुम्ही दोघी शोधत बसा, ताई. जो कुणी होता त्याला मी रोज हात जोडते. पण पुढच्या वेळी एकेकालाच सोडा."

पुढच्या वेळी, म्हणाली ती. मी ओट्याला टेकून किती वेळ रडले, माहीत नाही.