शेंबडं घराणं

मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि जरा फटकळ आहे. हे माझे विद्यार्थीही मान्य करतील आणि घरचेही. वनस्पतींचं एखादं कुल मुलांच्या लक्षात राहत नसेल तर मी त्याला टोपणनाव ठेवते. भोपळ्या-कारल्याचं कुल म्हणजे 'लोंबकळे', आघाड्याचं 'चिकटू'. तीळकुलाचं नाव मी 'शेंबडं घराणं' ठेवलं होतं. त्या नावाचा मला फार अभिमान होता, कारण परीक्षेत ते कुल कुणीच चुकत नसे.

गेल्या वर्षी आश्विनात फळं आणि बिया ओळखायचं प्रात्यक्षिक होतं. टेबलावर मी बशा मांडल्या होत्या. पहिल्या बशीत तीळ, तो सगळ्यांनाच येतो. त्याच्या बोंडाला खाचा असतात, वाळलं की ते टोकाकडून उलगडतं आणि उलटं धरलं की दाणे भुरुभुरु खाली पडतात. म्हणूनच तिळाच्या पेंढ्या शेतात उभ्या करून ठेवतात. दुसऱ्या बशीत रानतीळ. बोंड साधारण तसंच, पण दाणा काळा आणि नखाला खरखरीत लागणारा. बाजूला वाघनखी ठेवली होती, दोन आकड्यांची, काळी, टणक. ती पूर्वी याच कुलात धरत, आता तिनं वेगळी चूल मांडली आहे.

खरी गंमत शेवटच्या दोन बशांची. एकीत मोठं गोखरू, दुसरीत सराटा. बाजारात दोन्ही गोखरू म्हणून मिळतात आणि मुलंही दोघांना गोखरूच म्हणतात. नीट पाहिलं तर मोठ्या गोखरूचं फळ चौकोनी असतं, चार कोपऱ्यांवर चार काटे. सराटा पाच फाकांचा. त्या सुट्या होतात आणि सायकलच्या ट्यूबचा जीव घेतात. सराट्याचा तीळकुलाशी काही संबंध नाही, तो तिथं केवळ मुलांना फसवायला होता.

"फळावरून कळत नसेल तर पाण्याला विचारा," असं म्हणून मी मोठ्या गोखरूची हिरवी फांदी चंचुपात्रातल्या पाण्यात फिरवायला लागले. दोन मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट झालं. मी फांदी वर उचलली तर खाली तार लोंबायला लागली.

धुळ्याकडचा एक मुलगा आपल्या अहिराणीत ओरडला, "मॅडम, हाऊ तं बठ्ठा शेंबूड शे!"

हा तर सगळा शेंबूडच! वर्ग हसला. मी आणखी हवा दिली. "म्हणूनच हे शेंबडं घराणं. तिळाचं पान फिरवा, तेही थोडंफार हेच करतं."

तेवढ्यात पहिल्या बाकावरची, रोज असोद्याहून बसनं येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात स्टँडवर एक अक्का ताक विकते. तिचं ताक अगदी असंच दाट असतं. ती पण हिरवी जुडी फिरवते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, ती जुडी गोखरूचीच. आणि डोकं पुढचा विचार करायच्या आत जीभ बोलून गेली, "मग ते झालं शेंबडं ताक!"

वर्ग बाकं बडवायला लागला. मी मात्र जागच्या जागी थिजले. असोद्याच्या स्टँडवर ताक विकणारी अक्का एकच आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. माझे वडील तिला अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. आता तर अख्खं गाव म्हणतं. त्या मुलीला हे नातं माहीत नव्हतं. मी सांगू शकले असते, पण घंटा झाली आणि मी त्या घंटेच्या आड लपले.

रविवारी असोद्याला गेले. अक्काचा ताकाचा माठ स्टँडसमोरच्या निंबाखाली असतो. एरवी तिथं केळीच्या बागेतून आलेली माणसं आणि बसचे प्रवासी दाटीवाटीनं उभे असतात. त्या दिवशी दोघंच होते. माझा शब्द रोजच्या बसनं माझ्याआधीच तिथं पोचला होता. मोटारसायकलवरून जाणारी पोरं लांबूनच ओरडली, "अक्का, शेंबडं ताक आहे का?" आणि भुर्रकन निघून गेली.

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला बसायला पोतं अंथरलं, पेला भरून दिला आणि म्हणाली, "चार दिस झाले वं माय. कोन्या भवानीनं हे नाव ठेवलं कोन जाने. माह्या ताकाले शेंबडं म्हनते! बायका नाक दाबून पुढं जातात. तिची जीभ झडो."

ती जीभ त्या वेळी तिच्याच ताकात बुडालेली होती. मी एक पेला संपवला. धीर होईना म्हणून दुसरा मागितला. तोही संपला. मग मात्र मी सांगून टाकलं, "अक्का, ती भवानी मीच."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातला पेला घेतला, विसळला, पिशवीतून एक बरणी काढली आणि साधं पांढरं, पाण्यासारखं ताक ओतून माझ्यापुढं ठेवलं.

"आता तुले हे. यात काहीच नाही. तुह्या कालेजात चालंल."

"अक्का, मला वाटलं..."

"तुले काय वाटलं? मी लोकाइले फसवते? पानी ओतून ताक वाढवते आन् वरून फांदी फिरवते?" तिचा आवाज चढला नाही. "माही सासू करे, मी करते. दिवसभर केयीत काम करनाऱ्याले उन्हाळी लागते, लघवीले आग होते. गोखरू थंड असते. ते काय मी लपवून करते? माठावर जुडी ठेवलेली दिसत नाही का तुले?"

दिसत होती. माठाच्या तोंडावर ती हिरवी जुडी होती, जाडसर पानं, एक पिवळं फूल आणि चौकोनी काटेरी फळं. दहा पावलांवरून ओळखता येईल इतकी स्पष्ट. लहान असल्यापासून मी तिथं ताक पीत आले आणि ती जुडी मला रवीसारखी एखादी वस्तू वाटत आली. कॉलेजात मी मुलांना सांगते की वनस्पती डोळ्यांनी नाही, लक्षानं ओळखायची असते. माझं लक्ष अक्काकडे कधी गेलंच नव्हतं.

"एवढी शिकली तू," अक्का म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदा तरी इचारलं का, अक्का, हे काय फिरवते म्हनून?"

मला रडू आलं. मी माफी मागितली. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, पण सवलत दिली नाही.

"माफी इथं नको. जिथं नाव ठेवलं तिथंच पूस."

मंगळवारी सकाळी मी तिला असोद्याहून बसनं कॉलेजात आणलं. तिच्या एका हातात ताकाचा कॅन, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेली गोखरूची जुडी. ते गोखरू तिनं आपल्या केळीच्या बांधावर ठिबकच्या नळीजवळ वाढवलेलं, इतर तण उपटताना मुद्दाम राखलेलं. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "आजी, काय काम?" अक्का म्हणाली, "शिकवाले आली."

प्रयोगशाळेत मी मुलांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ही माझी आत्या, हे तिचं ताक, आणि ते नाव मी ठेवलं, न विचारता, हशा मिळवायला. असोद्याची मुलगी खाली मान घालून बसली. मी तिला म्हणाले, "तुझी काही चूक नाही. तू फक्त पाहिलेलं सांगितलंस. मी पाहिलंच नव्हतं."

मग अक्कानं टेबलाचा ताबा घेतला. बशांवर नजर फिरवली. सराट्याच्या बशीला बोटानं ढकललं. "हे इथं कशाले? हे टायराचं." रानतीळ दोन बोटांत चोळला आणि लगेच खाली टाकला. "हे रानातलं. याची चटनी व्हनार नाही." वर्गातल्या निम्म्या मुलांना जे भिंगाखाली कळायला दहा मिनिटं लागली होती, ते तिनं बोटांनी ओळखलं. मग तिनं दोन पेले भरले, एकात साधं ताक आणि दुसऱ्यात जुडी फिरवलेलं. दोन्ही धुळ्याच्या त्या मुलाच्या हातात दिले.

तो आधी बिचकला. मग दाट पेला एका दमात संपवला आणि वरच्या ओठावरची ताकाची मिशी पुसली.

"कसं लागलं?" अक्कानं विचारलं.

"भारी शे!"

"शेंबडं लागलं का?"

तो लाजला. "नाही अक्का."

"मंग काय म्हनायचं?" अक्का वर्गाकडे वळली. कुणी चिकट म्हणालं, कुणी दाट. तिनं मान हलवली. मग स्वतःच म्हणाली, "गुयगुयीत. घशातून आपोआप खाली जाते, त्याले गुयगुयीत म्हनायचं."

आमच्याकडे गुळगुळीतचं गुयगुयीत होतं. 'ळ' आमच्या बोलीत आला की हमखास 'य' होतो. केळी केयी होतात आणि तीळ तीय. वर्गानं तो शब्द तीन वेळा म्हटला. अक्का गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. बाईंनी पाढे ऐकावेत तसं.

कॅन रिकामा झाला. संध्याकाळी बस परत गेली तेव्हा तो शब्दही तिच्यासोबत असोद्याला गेला असावा, कारण आठवड्याभरात स्टँडवरची पोरं ओरडायला लागली, "अक्का, एक गुयगुयीत!" परीक्षेत तीळकुल ओळखायची खूण कोणती, असा प्रश्न होता. तिघांनी उत्तर लिहिलं, 'गुयगुयीत पाणी'. मी पूर्ण गुण दिले.

पण माझा हिशेब अजून मिटला नव्हता. त्यानंतरचे कितीतरी रविवार मी असोद्याला गेले आणि दरवेळी अक्कानं मला बरणीतलं साधं ताक दिलं. बाजूला लोक माठातलं दाट ताक मिटक्या मारत पीत आणि मी माझं पाण्यासारखं ताक मुकाट प्यायचे. संक्रांतीला घरोघरी तीळ वाटून गोड बोला म्हणून सांगणारी मी, मला ही शिक्षा योग्यच वाटायची. तरी एकदा घरी येऊन मी चक्क रडले.

मग एका रविवारी, ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, अक्कानं बरणीकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. माठावरची जुडी उचलून तिनं माझ्या हातात दिली.

"घे. तू फिरव."

मी फिरवायला लागले. पहिल्यांदा ताक नुसतं हिंदकळलं. मग हाताला हळूहळू जडपणा जाणवायला लागला आणि जुडीभोवती ताक सावकाश वळायला लागलं. अक्का माझ्या हाताकडे बघत होती.

"अक्का," मी विचारलं, "किती वेळ फिरवायचं?"

ती हसली. "इचारलं एकदाचं." आणि माठातला पहिला पेला तिनं माझ्यासाठी भरला.