माशांची बादली

जळोचीत नवं घर बांधून राहायला आलेले आमचे शेजारी एमआयडीसीत डेअरीवर कामाला होते. बोलताना ते समोरच्याचा दंड धरून ठेवत, ऐकणारा पळू नये म्हणून. पंच्याण्णवच्या सुमारास मुलीच्या हट्टापायी त्यांनी काचेची टाकी आणि चार मासे आणले. टाकीत लावायची झाडं पुण्याहून एसटीच्या पार्सलने आली. लावली, आणि आठवड्यात सगळी पानं विरघळून गेली.

मी म्हटलं, "टाकून द्या आता."

दंडावरची पकड घट्ट झाली. "मुळं जिती हायती, राव. त्यास्नी परकं पाणी सोसंना. नवी म्हस आणली की तिच्या गोठ्यातला चाराबी संगं आणत्यात का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला दुधाचा कॅन बांधून ते पुण्याला गेले आणि त्या दुकानातल्या टाकीचं पाणी घेऊन आले. पाणी घुसळू नये म्हणून गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली. घरात मोठ्यानं बोलायला बंदी झाली. त्यांचा रेडिओ आमच्याकडे आला. मासे मुळं उकरतात म्हणून त्यांची रवानगी ओट्यावरच्या बादलीत झाली.

पुढं एका झाडाला कोंब फुटला. त्यांनी आळीभर पेढे वाटले.

"आता तरी मासे आत सोडा," मी म्हणालो.

"इतक्यात नगं. माशाचं काय, त्यो कुठंबी ऱ्हातो. आमच्या आबानं जन्मभर मेंढरांमागं मुक्काम बदललं, तसलीच जात ती. झाडाचं तसं नसतंय."

मग ओट्यावरची आपली वळकटी त्यांनी बादलीजवळ ओढली. नव्या घरात पंखा होता, पण छताखाली त्यांना अजून झोप लागत नव्हती.