पुसण्याचे तास

"अगं, ढुंगणं पुसायचेसुद्धा तास मोजतात का?"

डॉक्टरबाई मराठीत म्हणाल्या. हसत. न्यूझीलंडमध्ये, मनुरेवातल्या आमच्या वृद्धाश्रमाच्या स्टाफरूममध्ये, मंगळवारी सकाळच्या चहाला. माझे कागद त्यांच्या हातात. टेबलाभोवती सहाजणी. मराठी कळणाऱ्या दोघीच. त्या आणि मी.

मी हसले. हे आधी सांगून टाकते. मी हसले. शेजारच्या सेलाने इंग्रजीत विचारलं, काय म्हणाल्या? ती टोंगा बेटांवरची, माझ्याबरोबर चार वर्षं काम करते. मी म्हटलं, काही नाही, गंमत चाललीय.

मी इथे केअरगिव्हर. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, डायपर बदलायचे, ताप-बीपी बघून लिहायचं. मला फिजिशियन असिस्टंट व्हायचंय. म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासायचे, औषध द्यायचं. ते शिक्षण इथे मिळत नाही. अमेरिकेत मिळतं, आणि थोरली बहीण तिकडे आहे. पण अर्जात रुग्णसेवेचे तास दाखवावे लागतात. दोन रकाने. एकात रुग्णाला स्वतःच्या हाताने दिलेली सेवा. दुसऱ्यात दवाखान्यातलं बाकी सगळं. वजन पहिल्याला.

तीन रविवार मी तास मोजत होते. चार वर्षांचे रोस्टर जमिनीवर पसरून. प्रत्येक शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास वजा. लॉन्ड्रीत घातलेले दिवस दुसऱ्या रकान्यात. किचनमध्ये मदतीला पाठवलं, तेही दुसऱ्यात. पण भरवणं? गिळता न येणाऱ्या माणसाला चमच्या-चमच्याने भरवायचं, प्रत्येक घासाला त्याच्या गळ्याकडे बघत. ते कुठे? आणि जाणाऱ्या आजींचा हात धरून बसलेले दोन तास? खाडाखोड. पुन्हा बेरीज. दर वेळी वेगळं उत्तर. एकदा तर पेन भिंतीवर फेकलं. शेवटी पहिल्या रकान्यात पाच हजार दोनशे बारा. एकही तास फुगवलेला नाही.

सोबत डॉक्टरचं पत्र हवं होतं. दर मंगळवारी तपासणीला येणाऱ्या डॉक्टरबाई पुण्याच्या. मला वाटलं, आपल्याच आहेत.

हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस तुझं?"

सांगितलं.

"अच्छा." मग हलकेच, अगदी प्रेमाने, "म्हणजे तुमच्याकडे हे काम हाताला सवयीचंच."

माझी आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सफाई कामगार होती. ती वॉर्डात शिरली की डॉक्टर नाकाला रुमाल लावायचे. वासासाठी नाही. वॉर्ड तर तीच धुऊन काढायची. तिने मला त्या दवाखान्यात कधी पाऊल टाकू दिलं नाही. शिक, म्हणायची. बीएस्सी केलं. विमानात बसून एवढ्या लांब आले. आडनाव माझ्याबरोबर आलं. ते ओळखणारेही आले.

आठवड्याने पत्र मिळालं. चार ओळी. कष्टाळू. नम्र. स्वच्छतेची आणि वैयक्तिक मदतीची कामे करते. रुग्णसेवा हा शब्द कुठेच नाही. पाच हजार दोनशे बारा तास एका फटक्यात दुसऱ्या रकान्यात.

मॅनेजरकडे गेले. गोरी बाई, स्वभावाने वाईट नाही. म्हणाली, मग दुसऱ्या रकान्यातच भर ना, स्वीट अ‍ॅज, म्हणजे काही अडचणच नाही. तिला ते खरंच सोपं वाटत होतं.

दोन दिवसांनी रॉनला साफ करत होते. रॉन म्हणजे म्हातारा ट्रक ड्रायव्हर, शिव्यांशिवाय बोलत नाही. त्या सकाळी गप्प होता. शी काळी. डांबरासारखी, चिकट. वास नेहमीचा नाही. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, म्हणून चार्ट बघितला. गोळ्या चालू नव्हत्या. हात गार. नाडी पळत होती. बीपी घसरलेलं. बेल दाबली. नर्सला एका दमात सांगितलं, पोटात रक्तस्राव होतोय, अँब्युलन्स बोलवा. ती केरळची, पंधरा वर्षांचा अनुभव. तिने एकदा बघितलं आणि फोन उचलला.

अल्सर फुटला होता. रॉन वाचला.

पुढच्या मंगळवारी चहाच्या टेबलावर डॉक्टरबाई हॉस्पिटलचं पत्र वाचत होत्या. नर्सला म्हणाल्या, "फार वेळेवर ओळखलंस."

नर्स म्हणाली, "मी नाही, हिने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो मॅडम. पुसताना."

मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मागे तुम्ही मला मराठीत जे म्हणालात, ते आता इंग्रजीत सांगाल का?"

त्या मराठीतच बोलल्या. "अगं, आपल्यातली म्हणून बोलले. इथे कशाला तमाशा?"

"इथेच बोलला होतात, मॅडम."

त्या हॉस्पिटलच्या पत्राची घडी घालू लागल्या. मग मीच भाषांतर केलं. शब्दाला शब्द. पहिलं वाक्य आणि दुसरंही. सेलाला आडनावाचं कळेना. म्हटलं, आमच्याकडे आडनावावरून बहुतेक वेळा जात कळते. कुणाच्या आईने कुणाची घाण काढायची, ते लोक जातीवरून ठरवतात. सेलाने कप खाली ठेवला. डॉक्टरबाईंकडे नुसती बघत राहिली.  

डॉक्टरबाईंनी पर्स उचलली. "मी जे पाहिलं तेच लिहिलंय," म्हणाल्या. पत्र बदललं नाही.

मॅनेजरने बोलावलं. टीमचं वातावरण बिघडतंय, डॉक्टरांना सॉरी म्हणून टाक, विषय संपेल. मी नाही म्हटलं. लेखी तक्रार दिली, दोन्ही वाक्यं मराठीत आणि इंग्रजीत लिहून. सेलाने साक्षीदार म्हणून सही केली. तक्रार वर गेलीय म्हणतात. कुठवर, माहीत नाही. नर्सने मला पत्र दिलं, चांगलं, दोन पानी. पण मला ज्या कॉलेजात जायचंय त्यांना डॉक्टरचंच लागतं. या वर्षीची मुदत गेली.

बहीण फोनवर म्हणाली, गोड बोलून सही घेतली असतीस तर? म्हटलं, तूही याच आडनावाची आहेस. तुला कळतं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाईन. पण पत्र लिहा, प्लीज, असं म्हणणार नाही. म्हणेन, सकाळी सात वाजता या. माझ्याबरोबर चार खोल्या फिरा. मी काय करते, काय बघते, काय ओळखते, ते उभं राहून बघा. मग लिहा.

जो येणार नाही, त्याची सही मला नको.